ज्वारीचे शंभर दाणे आणि समुद्राचे चौकोन: सोलापुरातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचा अनुभव

गेल्या शनिवार-रविवारी सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये "उष्ण कटिबंधातला समुद्र, आधी कुठलं वाचवायचं" अशी दोन दिवसांची कार्यशाळा झाली. मी आणि माझी नववीतली लेक दोघी जाऊन आलो, आणि तेव्हापासून शाळेतल्या चार-पाच जणींनी विचारलं कशी होती, पैसे वसूल होतात का, मुलांना झेपतं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. घेणाऱ्यांचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मंडळी छोटी आहेत, मनापासून काम करणारी आहेत. ज्यांना जायचंय त्यांनी मला विचारा, नंबर देते.

फी माणशी ८०० रुपये, शाळेतल्या मुलांना ४००, दोन्ही दिवसांचा चहा-जेवण त्यात आलं. शनिवारी आमच्याकडं पाणी यायचा दिवस होता तरी गेले, यावरून समजा किती मनात होतं ते.

घरात पहिला प्रश्न हाच आला की सोलापुरात समुद्र कुठाय. बरोबर आहे, आपल्याकडून समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभर गाडीत बसायला लागतं. पण मी शाळेत भूगोल शिकवते, बारा वर्षं झाली, फळ्यावर विषुववृत्त काढते, वर कर्कवृत्त, खाली मकरवृत्त, या पट्ट्यात प्रवाळ, म्हणजे कोरल, सापडतात म्हणून सांगते आणि पुढच्या धड्यावर जाते. गेल्या वर्षी एका पोरानं विचारलं, "मॅडम, मग तो सगळा पट्टा राखीव का करत नाहीत?" आणि मला धड उत्तर देता आलं नाही. ते टोचत होतं.

शिकवायला दोघं होते, एक मॅडम ज्यांनी कोकण किनाऱ्यावर आणि लक्षद्वीपला बरीच वर्षं काम केलंय, आणि नकाशावाले एक तरुण सर. आम्ही चाळीसेक जण होतो.

पहिला तास नुसत्या आकड्यांचा, पण ते आकडे डोक्यात बसले. प्रवाळांनी बांधलेल्या भिंती समुद्राच्या तळाचा एक टक्कासुद्धा व्यापत नाहीत, आणि समुद्रातल्या ओळखीच्या जातींपैकी साधारण पाव हिस्सा त्यांच्या आधारानं जगतो. त्यातही सगळीकडं सारखं नाही. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि पूर्व तिमोर या सहा देशांच्या मधला जो समुद्र आहे ना, ज्याला प्रवाळ त्रिकोण म्हणतात, तिथं जगातल्या प्रवाळांच्या सुमारे ७६ टक्के जाती आहेत, आणि समुद्री कासवांच्या ७ पैकी ६ जाती. म्हणजे पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळालं की पट्टा सगळा एकसारखा नाहीच.

दुसरं अर्धं उत्तर पैशाचं आणि माणसांचं. २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियलला जगातल्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत समुद्राचा ३० टक्के भाग राखायचा. २०२४ च्या जागतिक अहवालात आकडा आहे ८.४ टक्के. आता घाई झाली की माणूस काय करतो, सोपं आहे ते आधी करतो. जिथं कुणी मासे धरत नाही, तेल नाही, वस्ती नाही, असला लांबचा समुद्र एका सहीत राखीव करायचा आणि टक्का वाढवायचा. मॅडमचं म्हणणं असं की टक्का हे उत्तरच नाही, कुठलं ३० टक्के हा प्रश्न आहे. आणि मग त्यांनी खेळ मांडला. याच खेळासाठी मी ही कार्यशाळा सगळ्यांना सांगतेय.

प्रत्येक टेबलाला एक मोठा कागद. त्यावर एका काल्पनिक समुद्राचे १२० चौकोन. प्रत्येक चौकोनात छोटी चित्रं: प्रवाळ, समुद्री गवत, खारफुटी, कासवाची वीण होते ती पुळण, चिखलाचा तळ, खोल पाण्यातला उंचवटा, अशी नऊ प्रकारची. आणि कोपऱ्यात एक आकडा, त्या चौकोनाची किंमत, तिथं जितक्या होड्या मासेमारी करतात त्यावरून काढलेली. प्रत्येक टेबलाला ज्वारीचे १०० दाणे, चांगली टपोरी मालदांडी. चौकोन राखायचा असेल तर त्याच्या किमतीइतके दाणे त्यावर ठेवायचे. अट एकच, नऊही प्रकारांचा किमान ३० टक्के भाग राखला गेला पाहिजे.

आमच्या टेबलावर आम्ही दोघी, वालचंदमधली कॉलेजची दोन पोरं, बँकेतनं रिटायर झालेले एक सर, आणि करमाळ्याकडचे एक भोई काका जे उजनीच्या पाण्यात मासेमारी करतात. काका पहिला तासभर काहीच बोलले नाहीत.

पहिल्या फेरीत आम्ही काय केलं तर जिथं चित्रांची जास्त गर्दी तिथं दाणे टाकत सुटलो, वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रवाळच प्रवाळ, रंगीत, छान, आणि वीस मिनिटांत शंभर दाणे संपले. मोजलं तर नऊपैकी चारच प्रकार हाती आले होते. समुद्री गवताचा एक चौकोन नाही, पुळण नाही, चिखल तर कुणी बघितलाच नव्हता. सगळ्या टेबलांचं थोड्याफार फरकानं असंच. मॅडम म्हणाल्या, लग्नाचा बस्ता बांधायला गेलात आणि सगळे पैसे पैठणीत घातले, आता टॉवेल-टोपी कशानं घेणार? हॉलमधल्या सगळ्या बायकांना ते जे समजलं ना, दहा स्लाइडनी समजलं नसतं.

दुसऱ्या फेरीत उलटीकडनं सुरू करायला लावलं. आधी जे एकाच ठिकाणी आहे ते घ्या, कारण ते गेलं तर दुसरीकडं मिळणार नाही. मग प्रत्येक नवा चौकोन घेताना विचारायचं की हा आधीच्यात काय भर घालतो, नुसता श्रीमंत आहे का म्हणून नाही विचारायचं. हीच गोष्ट शास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर करतात, फक्त १२० ऐवजी हजारो चौकोन घेऊन. त्या वेळी मॅडमनी तमिळनाडू आणि श्रीलंकेच्या मधल्या पाल्कच्या उपसागराचं उदाहरण दिलं. तिथं प्रवाळांचा गाजावाजा फार नाही, पण समुद्री गवताची कुरणं आहेत आणि त्यावर जगणारी समुद्री गाय म्हणजे डुगाँग आहे, जी भारतात फार थोडी उरलीये. म्हणून तमिळनाडूनं २०२२ ला तिथं ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग राखीव क्षेत्र केलं. नुसती जातींची संख्या मोजत बसलं असतं तर ही जागा यादीत खूप खाली गेली असती.

जगभर अशा जागा निवडायला जैवविविधता करारात २००८ ला सात निकष ठरलेत, तेही सांगितले. जागा दुर्मिळ किंवा एकमेव आहे का, जिवांच्या आयुष्यातला महत्त्वाचा टप्पा म्हणजे वीण, पिल्लांची वाढ तिथं होते का, संकटातल्या जाती आहेत का, एकदा बिघडली तर सुधारायला किती काळ लागेल, उत्पादकता किती, विविधता किती, आणि माणसाचा हात किती कमी लागलाय. माझ्या लेकीनं लगेच पकडलं की विविधता हा सातातला फक्त एक आहे. पहिल्या फेरीत आम्ही त्या एकावरच शंभर दाणे उडवले होते.

तिसऱ्या फेरीला प्रवाहांचे बाण काढलेला ट्रेसिंग पेपर त्या कागदावर ठेवला. प्रवाळांच्या, माशांच्या अळ्या पाण्याबरोबर वाहत जातात, कुठं कुठं शेकडो किलोमीटर. त्यामुळं एखादा चौकोन स्वतः साधा दिसतो पण खालच्या दहा चौकोनांना बी तिथनं जातं. आपल्याकडं वरच्या धरणातनं पाणी सोडलं की खाली भीमेला येतं तसंच हे. आम्हाला तीन चौकोन बदलायला लागले.

आणि चौथी फेरी जड गेली. नकाशावाल्या सरांनी लाल रंगाचा पारदर्शक कागद टाकला, पाणी तापल्यावर कुठले प्रवाळ पांढरे पडतील ते दाखवणारा. आम्ही राखलेल्यातले जवळजवळ निम्मे लाल. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी गरम होऊन आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातली शेवाळं बाहेर टाकतं, त्या शेवाळांकडूनच त्याला अन्न आणि रंग मिळत असतो, म्हणून ते पांढरं पडतं आणि पाणी लवकर थंड झालं नाही तर मरतं. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ असे मोठे तडाखे बसले आणि तिथलं जिवंत प्रवाळ १९९८ ते २०२२ या काळात सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. एप्रिल २०२४ मध्ये जगातला चौथा मोठा पांढरेपणाचा काळ जाहीर झाला. मॅडम हे सांगताना थांबल्या होत्या मध्ये, त्यांनी स्वतः तिथं डुबकी मारून बघितलंय.

मग प्रश्न असा की दाणे कुठं टाकायचे, जे मरायला टेकलंय त्याच्यावर का जे टिकायची शक्यता आहे त्याच्यावर? २०१८ ला काही शास्त्रज्ञांनी जगभरातले ८३ प्रवाळ पट्टे असे निवडले जे तापमानवाढीतून त्यातल्या त्यात वाचतील आणि वाचले तर आजूबाजूला पुन्हा बी पुरवतील. हिशेब पटतो, पण मग बाकीच्यांनी काय करायचं? त्यांच्या काठावर राहणाऱ्या माणसांनी काय करायचं? आमच्या टेबलावर कडाक्याचा वाद झाला. बँकवाले सर म्हणाले बुडीत खात्यात पैसे घालत नाहीत. लेक म्हणाली, सर, ते खातं नाहीये, तिथं कासव येतंय. शेवटी आम्ही दाण्यांची वाटणी केली, जास्त थंड चौकोनांना आणि आठ दाणे लाल पुळणीला.

आणि इथं भोई काका बोलले. त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं, किंमत २. म्हणाले, "हितं होड्या कमी म्हणून दोनच दाणे धरलेत. पण होड्या कुनाच्या हायत ते लिवलंच न्हाई. मोठ्या बोटवाल्याला धा चौकोन लांब जाता येतंय. हातानं जाळं टाकणाऱ्याचं प्वाट ह्याच चौकोनात हाय. त्याला दोन दाण्यात कसं बसिवता?" हॉल गप्प झाला. काकांचं मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली गेलंय. मॅडमनी तिथल्या तिथं सगळ्या टेबलांना सांगितलं की छोट्या होड्यांच्या चौकोनांची किंमत तुम्ही स्वतः ठरवून परत मांडा. दुपारचं जेवण त्यामुळं पाऊण तास लांबलं आणि कुणी कुरकुर केली नाही.

मला यात आपलं नान्नजचं माळढोक अभयारण्य दिसलं. सोलापूरकरांना हे शिकवायला नको. १९७९ ला माळढोक पक्ष्यासाठी ते केलं, सोलापूर-नगर मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावं आली, शेतं आली, कारखाने, रस्ते, शहराचा भाग सुद्धा आला. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच राग बसला. नंतर ते १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी केलं, पण तोवर माळढोक दिसणंच दुर्मिळ झालेलं. रेघ मोठी होती, पण पक्षी नेमका कुठल्या माळावर अंडं घालतो आणि त्या माळावर कुणाची जनावरं चरतात याचा हिशेब रेघेत नव्हता. आणि दुसरं, माळरानाला सरकारी कागदात पडीक म्हणायचे. समुद्रातल्या चिखलाच्या तळाचं आणि गवताचं नेमकं हेच होतं, दिसायला काही नाही म्हणून ते पडीक. हे मी उठून बोलले तर मॅडमनी फळ्यावर लिहून घेतलं आणि मालवणची गोष्ट सांगितली. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात गाभा फक्त ३.१८, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा. तिथल्या मच्छीमारांचा विरोध सुरुवातीपासून, कारण आधी रेघ आली आणि मग विचारणा झाली. याच्या उलट ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफचं, २००४ ला तिथं मासेमारी पूर्ण बंद असलेला भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो ३३ टक्क्यांवर नेला, पण त्याआधी सगळ्या समुद्राचे ७० प्रदेश पाडले, प्रत्येकातला किमान २० टक्के घ्यायचा ठरवलं आणि लोकांच्या ३० हजारांवर लेखी सूचना घेतल्या.

रविवारी सकाळी मासळी बाजारात नेलं. मला वाटलं होतं हा वेळ घालवायचा कार्यक्रम असेल, तसं अजिबात नाही निघालं. एका अक्कांच्या पाटीपुढं आम्ही दहा जण बसलो, त्यांच्याकडं किनाऱ्यावरून बर्फात आलेलं पापलेट होतं. सरांनी शाळेतली पट्टी दिली. महाराष्ट्रात पापलेट धरायला किमान १३५ मिलिमीटर लांबी लागते, आणि २०२३ पासून ते आपल्या राज्याचा मासा आहे. अक्कांनीच एक छोटंसं उचलून लेकीच्या हातावर ठेवलं, ओलं, चांदीसारखं, तिच्या तळहातात मावेल एवढं. पट्टीवर बारा सेंटीमीटर भरलं. अक्का म्हणाल्या, "ह्ये घ्यायला नगं वाटतंय बाळ, पण गाडीत आलं की वापस कुठं पाठवू?" त्या एका वाक्यात मला समजलं की पिल्लं वाढतात त्या जागा राखणं म्हणजे काय. बाजारात पट्टी लावून उशीर झालेला असतो, ते पाण्यातच सोडवायला लागतं. आणि जागेइतकीच वेळ पण महत्त्वाची, पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून जी पावसाळी मासेमारीबंदी असते ती याचसाठी की बऱ्याच माशांची वीण त्या काळात होते.

दुपारी नकाशे. भारताच्या किनाऱ्यावर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं १०६ महत्त्वाच्या जागा निवडल्यात, ६२ पश्चिमेला, ४४ पूर्वेला. आणि आंग्रिया बँक! विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात, पाण्याखाली बुडालेलं प्रवाळांचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, माथा वीसेक मीटर खोल. बारा वर्षं भूगोल शिकवून मी वर्गात हे नाव एकदाही घेतलं नव्हतं याचं वाईट वाटलं. १२ सागरी मैलांच्या बाहेर असल्यामुळं तिथं नेहमीचं अभयारण्य करता येत नाही, १९७६ चा सागरी क्षेत्रांचा वेगळा कायदा लावावा लागतो. शिवाय उपग्रहाचे जे मोफत प्रवाळ नकाशे आहेत ते साधारण १०-१५ मीटर खोलीपर्यंतचं दाखवतात, त्याखालचं बघायला माणसालाच पाण्यात उतरावं लागतं. म्हणजे नकाशात नाही म्हणून तिथं काही नाही असं धरायचं नाही, हे सरांनी दोनदा बजावलं.

आता तक्रारी. एक, सगळ्या स्लाइड इंग्रजीत. बोलणं मराठीत आणि पडद्यावर इंग्रजी, काकांसारख्या माणसाला निम्मं गेलं असणार, आणि त्या दोन दिवसांतलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्यांनीच बोललं. पुढच्या वेळी मराठी स्लाइड केल्याच पाहिजेत, मी फुकट भाषांतर करून देते म्हणून सांगून आलेय. दोन, माइक खराब, मागच्या दोन रांगांना काही ऐकू येत नव्हतं. तीन, चौकोन निवडायचं जे सॉफ्टवेअर आहे, मार्क्सान नावाचं, ते शेवटच्या चाळीस मिनिटांत एका लॅपटॉपवर चाळीस जणांना दाखवलं. त्याला अख्खी दुपार द्यायला हवी होती, पाहिजे तर आदल्या दिवशीची ओळखपरेड कमी करा. कॉलेजची पोरं त्याचसाठी आली होती, ती नाराज होऊन गेली. चार, बायकांच्या बाथरूमला कडी नाही, एवढी फी घेता तर हॉल बघून घ्या.

जेवण चांगलं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी, दह्याची वाटी, दुसऱ्या दिवशी पोळी आणि भरलं वांगं. चहा मात्र पांचट.

मुलांना झेपतं का, तर आठवीपासून पुढच्यांना नक्की, त्याखालची मुलं पहिल्या तासाला कंटाळतील. मी पाचातले चार देते, एक स्लाइड आणि सॉफ्टवेअरसाठी कापला. शाळेत मी तो खेळ आता स्वतः करणार आहे, १२० चौकोनांचा कागद झेरॉक्स करून आणलाय, दाणे घरचेच.

पुढची बॅच दिवाळीनंतर म्हणालेत. जाणार असाल तर पुढच्या रांगेत बसा, पट्टी घेऊन जा, आणि टेबल निवडताना आपल्या ओळखीच्यांबरोबर बसू नका, ज्याचं पोट पाण्यावर आहे असं कुणी आलं असेल तर त्याच्या शेजारी जागा धरा.